डिकीतला बॉम्ब आणि न थांबणारा कॅमेरा



थरारपट म्हटलं की पाठलाग, अंधारे जिने आणि काळजात धस्स करणारं संगीत आठवतं. आज मी ज्या चित्रपटाच्या सुरुवातीबद्दल बोलणार आहे, तिथे पाठलाग नाही. एक मोटार रमतगमत चालली आहे, एक जोडपं रात्री पायी फिरायला निघालं आहे, आणि तरी पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. चित्रपट आहे ऑर्सन वेल्स यांचा 'टच ऑफ इव्हिल', १९५८ सालचा.

पडदा उजळतो तो थेट दोन हातांवर. हातांत बॉम्ब आहे. बोटं त्यावरचा काटा फिरवतात, तीन मिनिटांच्या जरा पुढे. तेवढ्यात कुठूनतरी एका बाईचं हसू ऐकू येतं आणि कॅमेरा गर्रकन वळतो. लांबून एक पुरुष आणि एक तरुणी येताना दिसतात. बॉम्बवाला भिंतीच्या कडेने पळतो. भिंतीवर त्याची सावली त्याच्यापेक्षा मोठी पडलेली आहे. उघड्या टपाच्या मोटारीच्या डिकीत तो बॉम्ब ठेवतो आणि पसार होतो. ते दोघे येतात, गाडीत बसतात आणि निघतात.

इथपर्यंत एकही कट नाही, आणि पुढेही नाही. छायालेखक रसेल मेट्टी यांचा कॅमेरा क्रेनवरून वर चढतो, छपरांवरून पलीकडे बघतो, पुन्हा रस्त्यावर उतरतो आणि मागे मागे सरकत राहतो. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं हे गाव प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये उभं केलेलं होतं. साधारण तीन मिनिटं आणि वीस सेकंद हा शॉट अखंड चालतो.

अल्फ्रेड हिचकॉक एक गोष्ट समजावून सांगत असत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसं निवांत गप्पा मारत राहिली, तर तो सारा वेळ घुसमटतो. वेल्स यांनी याच तत्त्वाला एक पाऊल पुढे नेलं. बॉम्ब दाखवून झाल्यावर त्यांचा कॅमेरा बॉम्बला चिकटून राहत नाही. चौकात पोलीस गाडी अडवतो, आणि समोरून एक जोडपं रस्ता ओलांडतं. हा मेक्सिकोचा अधिकारी व्हार्गास आणि त्याची नवपरिणीत अमेरिकन बायको सुसान, म्हणजे चार्ल्टन हेस्टन आणि जॅनेट ली. कॅमेरा आता यांच्याबरोबर चालू लागतो. गाडी मागे पडते, मध्येच शेळ्यांच्या कळपामुळे अडते, पुन्हा पुढे येते, चौकटीतून बाहेर जाते आणि परत शिरते. दर वेळी ती या दोघांच्या जवळ आली की आपल्या पोटात गोळा येतो. ती दिसेनाशी झाली की जास्तच.

सीमेवरच्या नाक्यावर तर कहर होतो. गाडी आणि जोडपं शेजारी शेजारी उभे असतात. नाक्यावरचा अधिकारी व्हार्गासशी एका जुन्या प्रकरणाच्या गप्पा काढतो. गाडीतली तरुणी कुरकुरते की आपल्या डोक्यात सारखी टिकटिक होतेय. तिचं कोणी ऐकत नाही. पडद्यावरच्या एकालाही ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ओरडून सांगू शकत नाही.

मधे एक जरी कट असता, तरी हा ताण ढिला पडला असता, असं मला ठामपणे वाटतं. कट आला की पडद्यावरचा काळ दिग्दर्शकाच्या हाती जातो. दहा सेकंदांचे दोन करता येतात, किंवा वीस. हे आपल्यालाही आतून कळतं आणि आपण सैलावतो. कट नसला की पडद्यावरचं मिनिट आणि आपलं मिनिट एकच. काटा कुठवर आला असेल याचा हिशेब आपण स्वतः ठेवू लागतो. नाका ओलांडून गाडी पुढे निघून जाते, व्हार्गास आणि सुसान चुंबन घेतात, आणि त्याच क्षणी स्फोटाचा आवाज होतो. चित्रपटातला पहिला कट इथे येतो, पेटलेल्या गाडीवर. बॉम्ब एका देशात ठेवला गेला, फुटला दुसऱ्या देशात. तपास कोणाचा, हा पुढचा सगळा झगडा त्या एका अखंड शॉटनेच मांडून ठेवलेला असतो.

आता आवाजाकडे येऊ. रेडिओवर बोलताना हे सांगायलाच हवं, कारण वेल्स मूळचे रेडिओचे. १९३८ साली त्यांनी सादर केलेल्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या नभोनाट्याने अमेरिकेत खळबळ उडवली होती. न दिसणारी वस्तू कानांनी कशी जवळ आणायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण स्टुडिओने चित्रपटाचं संकलन त्यांच्या हातात राहू दिलं नाही. या शॉटवर श्रेयनामावली झळकवली आणि हेन्री मॅन्सिनी यांचं संगीत चढवलं. वेल्स यांनी बदलांची मागणी करणारं ५८ पानी टिपण स्टुडिओला पाठवलं. त्याचा पुरता विचार झाला तो त्यांच्या निधनानंतर, १९९८ साली. त्या टिपणाच्या आधाराने संकलक वॉल्टर मर्च यांनी चित्रपट नव्याने जुळवला. सुरुवातीची अक्षरं गेली, वरून चढवलेलं संगीतही गेलं. त्याजागी आली रस्त्यावरची गाणी. प्रत्येक क्लबच्या दारातून वेगळं गाणं येतं, आणि त्या गाडीच्या रेडिओवरही एक वाजत असतं. गाडी दिसत नसतानाही तिचं गाणं वाढलं की कळतं, बॉम्ब जवळ आला. मॅन्सिनींचं संगीत उत्तमच आहे, पण ते आपल्याला भीती वाटावी असं सुचवतं. रस्त्यावरचे आवाज काहीच सुचवत नाहीत, म्हणून भीती आपली आपल्याला शोधावी लागते, आणि ती जास्त खोल जाते.

आज कॅमेरा खिशात मावतो आणि दर दोन सेकंदांनी कट करणं हा हातचा मळ झाला आहे. थरार म्हणजे वेग, अशी समजूत त्यातून पक्की होत चालली आहे. चित्रपट करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं आवर्जून सांगणं आहे की ही सुरुवात १९९८च्या आवृत्तीत बघा. एकदा नीट डोळे उघडे ठेवून बघा, आणि मग एकदा डोळे मिटून नुसती ऐका. प्रेक्षकाला एक गोष्ट खरी सांगितली, त्याच्यावर विश्वास ठेवला आणि कात्री खाली ठेवली, तर साध्या रस्त्यावरची साधी मोटारही त्याला श्वास रोखायला लावते.