कोणत्या शेतकऱ्याचा पक्ष?



'शेतकऱ्यांचे राजकीय पक्ष' हा विषय घेऊन आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत, तेव्हा एका मित्राने आम्हांला विचारले, "तुम्ही युनियनवाले. तुमचा आणि नांगराचा संबंध काय?" हा प्रश्न दुसरीकडे कुठे शोभला असता. लांज्यात शोभत नाही. येथे एक भाऊ नांगर धरतो आणि दुसरा मुंबईत पगार घेतो. पगारातून बियाणे येते आणि कणगीतले तांदूळ गाठोड्यातून मुंबईला जातात. आमचा शेतकरी आणि आमचा कामगार ही दोन माणसे नव्हेत, एकाच घरची दोन टोके आहेत.

म्हणून आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. कोणी "आमचा पक्ष शेतकऱ्यांचा" म्हणून आला, की त्याला प्रथम विचारावे, कोणत्या शेतकऱ्याचा?

या जिल्ह्यात हा प्रश्न पहिल्याने खोतीच्या निमित्ताने उभा राहिला. खोत सरकारचा वसूल गोळा करी आणि कुळाकडून धान्याचा वाटा घेई. वर वेठ होतीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि सप्टेंबर 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 साली.

पण एक गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. त्याच वर्षी, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्यात कम्युनिस्टांबरोबर हाच स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. जानेवारीत कुळासाठी आणि नोव्हेंबरात गिरणीकामगारासाठी! "कोणता शेतकरी?" या प्रश्नाला त्या पक्षाचे उत्तर स्वच्छ होते : जो कसतो तो, आणि कसून पोट भरत नाही म्हणून जो मजुरी करतो तोही. 1942 साली त्या पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली आणि ही जोडणी सुटली. कोकणाचे मोठे नुकसान झाले असे आमचे नम्र मत आहे.

पुढे याच जोडणीचे नाव घेऊन शेतकरी कामगार पक्ष आला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी 1947-48 साली काँग्रेसमधून बाहेर पडली. 1950 साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाचा स्वीकार केला. 1954 साली जेधे काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष हिरिरीने उतरला. पण राज्य मिळाल्यावर काय झाले? कूळकायद्याने जमिनीचा प्रश्न थोडाफार सुटला, साखर कारखाने आणि सहकारी बँका उभ्या राहिल्या, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. ज्या शेतकऱ्याच्या जोरावर पक्ष उभा होता तो आता सत्तेचा भागीदार झाला. त्याला लढणाऱ्या पक्षापेक्षा कर्ज मंजूर करणारा पक्ष जवळचा वाटला, यात नवल ते काय?

मात्र दोन ठिकाणी हा पक्ष टिकला. एक सांगोला. तेथून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, कारण दुष्काळी माणसाचा पाण्याचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. दुसरे ठिकाण आपला शेजारी रायगड, म्हणजे पूर्वीचा कुलाबा. तेथे अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी 1933 साली जमीन न कसण्याचा संप केला आणि सुमारे सहा वर्षे चालविला. अहो, गिरणीचा संप सहा महिने चालवताना आमच्या नाकी नऊ येतात! कुळाचा प्रश्न मिटला, तेव्हा त्याच जिल्ह्यात नवी मुंबईसाठी जमिनी जाऊ लागल्या. दि. बा. पाटील त्या लढ्यात उतरले. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच माणसे गेली, आणि त्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्ताला मिळण्याची वाट मोकळी झाली. जेथे पक्षाला पुढचा प्रश्न सापडला तेथे तो जगला. जेथे तो मागच्या विजयावर बसला तेथे मावळला.

1979-80 नंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने सवाल बदलला. जमीन नव्हे, भाव! कांदा, ऊस, तंबाखू, कापूस यांच्या शेतकऱ्याला त्यांनी ताठ उभे केले. 1986 साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवले आणि पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याची मोहीमही चालवली. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरी 1994 साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा आंदोलनातली गर्दी मतपेटीपर्यंत पोचली नाही. राजू शेट्टी उसाच्या भावावर 2009 आणि 2014 साली लोकसभेत गेले, 2019 साली पडले. भाव मागताना शेतकरी एक असतो. मत देताना तो जातीचा, गावकीचा, कारखान्याचा होतो.

आणि आपल्याकडे? जो भात विकतच नाही, खातो, त्याला भाताच्या भावाचे काय? आपला आंबा वाशीच्या दलालाकडे जातो, पण बाग राखणारा गडी नेपाळहून येतो. तो शेतकरी की कामगार? आफ्रिकेतून कच्ची काजू बी आली की आमच्या बीचा भाव पडतो. सातबाऱ्यावर वीस-वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत. जी वहिनी खरोखर शेत कसते तिचे नाव पुष्कळदा त्यात नसते. मग कर्ज कोणाला आणि भरपाई कोणाला? सातबारा हाच शेतकऱ्याचा पुरावा मानला, तर आमची निम्मी शेतकरीण कागदावर नाहीच.

हा धोका जुना आहे. पंजाबात सर छोटूराम यांच्या युनियनिस्ट पक्षाने सावकारी पाशाविरुद्ध चांगले कायदे केले. पण तेथे शेतकरी कोण, हे 1900 सालच्या कायद्यातल्या जातींच्या यादीने ठरले होते, आणि शेतात राबणारा दलित त्या यादीत नव्हता. पक्ष शेतकऱ्यांचाच होता. राबणारा मात्र बाहेर राहिला.

दुसऱ्यांना बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडील पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले आणि दुसऱ्या पावसात चिखलणीला उतरले. अडीच लाख कामगारांचा तो संप इतका लांबला, तो गावच्या तांदळावर. आईने सांडलेला दाणा न् दाणा वेचला, पण युनियनच्या कोणत्याही कागदावर तिचे नाव आले नाही. संप मोडला आणि गावी परतलेला माणूस आम्हा युनियनवाल्यांच्या हिशेबातून गेला. जो गिरणीच्या दाराबाहेर गेला तो आमचा नव्हे, असे आम्ही वागलो. ही आमच्या चळवळीची चूक होती आणि ती आम्ही या व्यासपीठावर कबूल करतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, उद्या कोणी बैलजोडीचे चित्र घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला चहा जरूर द्या. मग तीन गोष्टी विचारा. सामाईक सातबाऱ्यावर कसणारीचे नाव कसे लावणार? काजू बीच्या भावाचे काय करणार? आणि बागेतल्या गड्याच्या मजुरीबद्दल काय बोलणार? तिन्हींचे उत्तर देईल तो आमचा पक्ष, मग त्याचे नाव काही का असेना. पहिल्या दोहोंचे उत्तर देऊन तिसऱ्याला गप्प बसेल, तो बागायतदारांचा पक्ष. तसे त्याने खुशाल सांगावे, पण शेतकऱ्याचे नाव घेऊ नये.