टरफलांची तजवीज



राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ वसविलेल्या या पेठेत, जेथे समुद्राची ओळख बाजारच्या दिवशी येणाऱ्या सुकट-बोंबलापुरतीच, तेथे कोळंबीच्या टरफलांविषयी बोलावयास मी उभा राहिलो याचे आपणांस नवल वाटेल. परंतु त्यांचा संबंध शिरोळ तालुक्यातील उसाच्या मुळाशी पोहोचतो, म्हणून हे धाडस.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मुंबईच्या ससून डॉकवर कोळंबी सोलताना डोके व कवच मिळून जवळजवळ निम्मे वजन टाकाऊ ठरते, आणि लवकरच त्यास दुर्गंधी सुटते. या जिनसात चुना व प्रथिने यांच्या जोडीला कायटिन नामक चिवट द्रव्य असते. त्याचे विघटन करणारे कायटिनेज हे विकर काही जिवाणू व बुरशी निर्माण करतात; पण हे जीव मोठे हिशेबी, समोर साखर मुबलक असेल तर या खर्चात पडत नाहीत. म्हणून त्यांच्यापुढे टरफलांची पूड ठेवावयाची. ती आम्ल व कॉस्टिक सोड्याने धुण्याची रीत आहे खरी. पण एक घाण निस्तरण्यासाठी दुसरी नदीत सोडावयाची हा व्यवहार, विशेषतः पंचगंगेच्या मुलखात, मला पटत नाही. प्रथिनेही पचविणारा सूक्ष्मजीव निवडला, तर पूड न धुताही चालते.

विकर तयार झाल्याची खूण मोठी मनोहर आहे. कायटिनमुळे दुधट दिसणाऱ्या आगरच्या थाळीत सूक्ष्मजीव वाढविला, की काही दिवसांत त्याच्या वसाहतीभोवती नितळ कडे उमटते.

आता उसाकडे. वळवाच्या सरींनंतर कडुनिंब-बाभळींवर भुंगेरे जमतात आणि पुढे त्यांची अळी, म्हणजे हुमणी, मुळे कुरतडून उभा ऊस वाळविते, हे येथील शेतकऱ्याच्या मुलास मी काय सांगावे! त्या हुमणीच्या कातडीतही कायटिनच. आणि मेटारायझियम ही हिरवी बुरशी कायटिनेज व प्रथिने पचविणारी विकरे यांच्या बळावर तीतून आत शिरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. अर्थात ही बुरशी फवाऱ्याच्या औषधासारखा तडकाफडकी गुण देत नाही. तिला जमिनीत ओल लागते आणि शेतकऱ्यास धीर.

आंबा घाटाने रत्नागिरी येथून फार दूर नाही. तेव्हा विज्ञान शाखेच्या प्रमुखांनी पोतेभर वाळलेली टरफले मागविण्याची तजवीज करावी, आणि शिरोळच्या काळ्या मातीतील कोणता जीव सर्वांत रुंद कडे उमटवितो, हे पुढील संमेलनापूर्वी येथील विद्यार्थ्यांकरवी शोधून काढावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.