आभाळात जळतं, त्याची राख कुठे जाते?

मुंबईच्या डिलाईल रोडवरून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय आभाळातला आहे, पण तो आपल्या गावात येऊन पडलेला आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आभाळात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं. सुमारे तीन मीटर रुंद, बैलगाडीच्या चाकापेक्षा कितीतरी मोठं! पवनपारजवळ धातूचा गोळा सापडला. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. हे तुकडे चीनच्या रॉकेटचे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. इस्रोचे शास्त्रज्ञही तपासायला आले.

पडलं ते दिसलं. वर जळून गेलं, त्याचं काय?

उपग्रहात ॲल्युमिनियम बरंच असतं, आपल्या पातेल्यात असतं तेच. ते जळलं की त्याची बारीक भुकटी होते आणि वर्षानुवर्षं वरच तरंगते. २०२३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंच उडणाऱ्या विमानातून हवा तपासली. तिथल्या आम्लाच्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत अशा जळालेल्या यानांचे धातू सापडले.

त्याच उंचीवर, साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर, ओझोनचा थर आहे. उन्हातले घातक किरण तो अडवतो. तो विरळ झाला तर डोळ्यांत मोतीबिंदू आणि कातडीचा कर्करोग वाढतो, पिकांनाही त्रास होतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला हे आधी भोगावं लागेल.

रॉकेट उडतानाही भर पडते. घन इंधनातून क्लोरीन निघतो, तो ओझोन तोडतो. केरोसीनच्या इंधनातून काजळी निघते, तिने वरची हवा तापते. आज हे नुकसान थोडं आहे. पण उपग्रह हजारोंनी वाढताहेत आणि काम संपलं की बरेचसे वातावरणातच जाळले जातात.

उपाय नाही असं मात्र नाही. फ्रीज आणि स्प्रेमधल्या वायूंनी हाच थर विरत होता. १९८७ साली मॉन्ट्रियलला देशांनी करार केला, ते वायू बंद होत गेले आणि आता थर भरून येतोय. तसेच नियम रॉकेटसाठीही हवेत.

आणि गावात असं काही पडलं तर हात लावू नका, भंगारात विकू नका. टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. मुलांना लांब ठेवा, पोलीस पाटील किंवा तलाठ्यांना कळवा. गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.