शिरेतून दिलेली बाटली



व्यसनाचा विषय संमेलनाच्या व्यासपीठावर घ्यावा काय, असा प्रश्न काहींनी केला. आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. कारण आपल्या घरांत तो माजघराबाहेर येत नाही, आणि तेथेच वाढतो.

आमचे मेहुणे दारूच्या आहारी गेले होते. एका दवाखान्यात सांगण्यात आले की, अमिनो आम्लांची बाटली दहा दिवस शिरेतून दिली म्हणजे मेंदूतील उणीव भरून निघते व दारूची इच्छाच उरत नाही. आमच्या भगिनीने पाटल्या मोडल्या. तेथे नेणारे आम्हीच! शास्त्रीय शब्द कानी पडला की आम्हां शिक्षकांची मान आपोआप डोलते. पंधरवड्याच्या आत दुसरी बाटली घरात आली.

त्या सांगण्यात काहीच तथ्य नव्हते असे नव्हे. टायरोसीन या अमिनो आम्लापासून शरीर डोपामिन तयार करते, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. मेंदूतील निरोप पोचविणारी ही द्रव्ये होत. परंतु ही आम्ले डाळीत व दुधातही असतात, आणि ती शिरेतून दिल्याने व्यसन सुटते असा भरवशाचा पुरावा नाही.

शिरेतून देण्याजोगे खरे औषध निराळेच आहे. अतिमद्यपानाने शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कमी पडते. मग भ्रम होतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो. कार्ल वेर्निके यांनी हा विकार १८८१ साली वर्णिला. घरची माणसे मात्र म्हणतात, ‘पुन्हा प्यायला!’ अशा रोग्यास थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढविणे घातक ठरू शकते. सलाईन लावले की निश्चिंत होणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढे तरी डॉक्टरांना विचारावे.

तसेच, रोज पुष्कळ पिणाऱ्यास खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडू नये. दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो. हे काम वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. त्यानंतरचे काम संथ आहे. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले; तेथे औषधासोबत समुपदेशनाला आणि कुटुंबीयांनाही स्थान आहे.

मेहुणे पुढे अशाच एका केंद्रात राहिले. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा स्वतः होऊन गेले. गेल्या दिवाळीस दोघे आमच्याकडे आली होती. भगिनीच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्यांचा विषय तिने काढला नाही. आम्हांसही धैर्य झाले नाही.