घागर घेतलेला माणूस



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, मी आपला ऋणी आहे. ऐन मे महिन्यात विहिरींनी तळ गाठलेला असताना मिरजोळ्याच्या यजमानांनी एवढ्या माणसांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय केली. त्यांचे मनापासून आभार मानतो.

अध्यक्षाने मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. १६१६ साली राचोलला छापले गेलेले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’. श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी १८०५ मध्ये काढलेले मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मधला नवा करार. बाबा पदमनजींचे १८५७ मधले ‘यमुनापर्यटन’. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झालेले बायबल. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करणाऱ्या लक्ष्मीबाई. आणि आपल्या काळात ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ही परंपरा तुम्हाला पाठ आहे, आणि डॉ. गंगाधर मोरजे यांनी तिचा इतिहास माझ्यापेक्षा कितीतरी चांगला लिहून ठेवला आहे. म्हणून आढावा मी इथेच थांबवतो. मला एका माणसाबद्दल बोलायचे आहे. किती वर्षे ते मनात साठले आहे. आज ध्वनिक्षेपक माझ्या हातात आहे, तेव्हा ते बोलूनच मी खाली बसेन.

मार्कचा चौदावा अध्याय काढा. वल्हांडणाचा कोकरा मारण्याचा दिवस. भोजनाची तयारी कुठे करायची, असे शिष्य विचारतात. येशू दोघांना नगरात पाठवतो. ते दोघे पेत्र आणि योहान, हे लूक सांगतो. नगरात पाण्याची घागर घेतलेला एक माणूस तुम्हाला भेटेल, त्याच्या मागे जा, तो ज्या घरात शिरेल त्या घराच्या धन्याला विचारा, तो माडीवरची मोठी खोली दाखवील. बस्स, एवढेच. घागर घेतलेला माणूस येतो, पुढे चालतो, घरात शिरतो आणि शुभवर्तमानातून कायमचा नाहीसा होतो. त्याला नाव नाही, तोंडी एक शब्द नाही. मत्तयाने तर त्याला गाळूनच टाकले आहे.

आता आपण या माणसाचे काय केले ते पाहा. प्राचीन भाष्यकारांना त्याच्या घागरीत बाप्तिस्म्याचे पाणी दिसले. मिसरच्या कॉप्टिक परंपरेने त्याला खुद्द मार्क ठरवले. बेनेडिक्टाइन संन्यासी बार्गिल पिक्सनर यांनी सियोन टेकडीवर एसेनी पंथाची वस्ती मानली आणि माडीवरची खोली तिच्या शेजारी बसवली. मग ज्या पंथात बायकाच नाहीत तिथे पुरुषच पाणी भरणार, असा अर्थ निघाला. ज्योतिषवाल्यांनी त्याची कुंभरास करून टाकली. आणि आपल्या संदेशांत, बायबलवर्गांत, छापील टिपणांत वर्षानुवर्षे एकच ठरलेले उत्तर चालत आले आहे: पूर्वेकडच्या देशांत पाणी बायका भरतात, पुरुषाने वाहिलेच तर ते पखालीतून, म्हणून घागर घेतलेला पुरुष ही सहज ओळखू येणारी खूण होती, यहूदा इस्कर्योताला जागा आधी कळू नये म्हणून येशूने ती ठरवून ठेवली होती.

जागा गुप्त ठेवायची होती, हे मला मान्य आहे. बाकीचे मुळीच मान्य नाही. ‘पूर्वेकडचे देश’ म्हणजे आपणच ना? मग आपण साहेबाच्या टीकाग्रंथात डोकावून आपल्याकडे पाणी कोण भरते ते शिकायचे? वाड्यावाड्यांतून पाणके राबत होते. मुंज असो, लग्न असो, आचाऱ्याच्या जोडीला पाणक्या ठरवल्याशिवाय मांडव उभा राहत नसे. रत्नागिरीच्या बाजारात चहाच्या हॉटेलांना खांद्यावरच्या कावडीने पाणी पुरवणारे पुरुष मी लहानपणी रोज पाहिले आहेत. घरचे पाणी बाई भरते हे खरे. पण जिथे पाणी भरणे ही चाकरी होते, तिथे पुरुष येतो. बायबलही हेच सांगते. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोकांना लाकूडतोडे आणि पाणके केले जाते, ती शिक्षा असते. अनुवादाच्या एकोणतिसाव्या अध्यायात देवासमोर उभ्या राहिलेल्या लोकांची यादी प्रमुखांपासून सुरू होते आणि पाणक्यापाशी संपते. सगळ्यांत खालची पायरी त्याची.

आणि तो दिवस कोणता होता? वल्हांडणाचा. यरुशलेम यात्रेकरूंनी फुललेले. घरोघर पाहुणे, कोकरे भाजायची, भाकरी करायच्या, हातपाय धुवायचे. शिलोआम तळे खोलगट भागात. २००४ साली त्याच्या पायऱ्या उत्खननात उघड्या पडल्या. ज्या सियोन टेकडीवर परंपरेने ती माडी दाखवतात, ती वर चढणीला. मोठी खोली असलेल्या घरधन्याने सणाला पाण्यासाठी गडी लावला असेल, यात नवल कसले? शिवाय मार्क नीट वाचा. असा माणूस शोधा, असे येशू म्हणत नाही. तो तुम्हाला भेटेल, असे म्हणतो. ओळख पटवायला विचित्र खुणेची गरजच राहत नाही. आणि घराचा धनी वेगळा, घागरवाला वेगळा, हे तर मार्कने स्पष्टच लिहिले आहे. बोलायचे धन्याशी, चालायचे चाकराच्या मागे.

फार वर्षांपूर्वी एका धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा चालला होता. शिकवणाऱ्यांनी ते ठरलेले उत्तर सांगितले. मागच्या बाकावर माझा एक सोबती होता, त्याचे वडील हॉटेलांना पाणी घालीत. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझा बाप रोज घागरी वाहतो. त्याच्याकडं कुणी वळून बघत नाही. तो खूण कसा होईल?” वर्गात हशा झाला. परीक्षेत पुस्तकातलेच उत्तर लिहा, असे त्याला बजावण्यात आले. त्याने पुस्तकातले लिहिले, त्याला गुण मिळाले, आणि पुढे त्याने वर्गात तोंड उघडले नाही. तो हशा माझ्या कानातून गेलेला नाही. आपल्या साहित्याचे जे नुकसान झाले आहे ते त्या हशाने झाले आहे, असे मी इथे जबाबदारीने म्हणतो.

पुढे पाळक म्हणून खेड्यांतून हिंडलो, तेव्हा हा उतारा मी मुद्दाम काढत असे. संगमेश्वराकडच्या एका वाडीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. उमेदीत त्यांनी लग्नघरी पाणी भरले होते. ते म्हणाले, “घागर भरलेली हाय ना? मग तो घराकडंच चाललाय. रिकामी असती तर त्याच्या मागनं जाऊन विहिरीवर पोचले असते.” आणि दुसरे, “भरल्या घागरीचा मानूस मागं वळून बोलत नाय. पानी सांडतं.” तो माणूस गप्प का, यावर मी बरेच वाचले होते. शिष्यांची परीक्षा, देवाचे गूढ, लेखकाची कला. त्या आजोबांनी एका वाक्यात वाद मिटवला. खांद्यावर ओझे होते, म्हणून तो गप्प होता.

त्याच बैठकीत एक बाई होत्या. त्यांनी विचारले, “पाणी भरायला घेतलं, पण त्याच्या हातचं प्यायले का?” हा प्रश्न लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या कोणत्या टीकाग्रंथात सापडेल? तो इथेच निघू शकतो. जोतीरावांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्याचा कज्जा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. या भूमीत पाण्याला कोणाचा हात लागला, हा जन्ममरणाचा प्रश्न होता. आणि आपण ख्रिस्ती म्हणून छाती पुढे काढायचे कारण नाही. प्रीतिभोजनाच्या दिवशी वेगळा ठेवलेला माठ मी एका मंडळीत माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा वेदीवरून घागरवाल्यावर संदेश द्यायचा आणि त्याला ‘खूण’ म्हणून सोडून द्यायचे, हे मला तरी अशक्य आहे.

श्रीखंड्याची कथा इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पैठणला एकनाथांच्या घरी बारा वर्षे गोदेचे पाणी कावडीने भरणारा गडी प्रत्यक्ष देव निघाला, अशी ती कथा महिपतींनी सांगितली आहे. नाथषष्ठीला तो रांजण आजही भरला जातो. ही कथा आपली नव्हे, असे काही बंधू म्हणतील. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचले, हे त्यांनी लपवून ठेवले नाही; मग नाथांच्या अंगणातून मार्कच्या गल्लीत जायला आपल्याला कोणाची परवानगी हवी? घागरवाला हा वेषांतर केलेला प्रभू होता, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे असे, की पाणी भरणाऱ्याकडे दोनदा पाहायला मराठी माणसाला नाथांच्या घराने शिकवले होते, आणि शुभवर्तमान वाचायला बसलो की आपण ते शिक्षण दाराबाहेर काढून ठेवतो.

दोनदा पाहिले की काय दिसते? त्या संध्याकाळी, योहानाच्या तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते पाणी माडीवर कोणी आणले? माझे अभ्यासू मित्र लगेच हरकत घेतील, की मार्क आणि योहान यांची सरमिसळ करू नका, योहानाचे भोजन वल्हांडणाच्या आधीचे आहे. ही हरकत मी अनेकदा ऐकली आहे आणि तिचा आदर करतो. पण कोणतीही तारीख धरा, माडीवर पाणी आपोआप चढत नाही. कोणीतरी ते खालून वर वाहिले. गुरूने चाकराचे काम हाती घेतले, यावर आपण शेकडो अभंग लिहिले; ते काम ज्याचे रोजचे होते त्याच्यावर एकही नाही. शोमरोनी बाईने विहिरीवर टाकून दिलेल्या घागरीवर किती कविता झाल्या! ही घागर तर टाकलेली नाही, घरापर्यंत पोचवलेली आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही, पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते, असे योहान आवर्जून लिहितो. त्या चाकरांवर तरी आपण काय लिहिले?

आणखी एक. मार्कच्या शुभवर्तमानात येशू माणसांना म्हणतो, माझ्या मागे या. जाळी सोडून या, जकातनाका सोडून या, वधस्तंभ उचलून या. दुसऱ्या कोणाच्या मागे जा, असे तो शिष्यांना एकदाच सांगतो, आणि तो दुसरा हा पाणक्या आहे. पेत्र त्याच्या मागून गल्लीबोळ चढत गेला. पुढे ज्याच्या नावाने रोममध्ये एवढे मोठे मंदिर उभे राहिले, तो त्या दिवशी घागर वाहणाऱ्या गड्याच्या पावलावर पाऊल टाकत होता. मी हे वाक्य पुस्तकात छापायला दिले तेव्हा संपादकांनी ते भावनेच्या भरात लिहिलेले समजून काढून टाकले. आज मी ते इथे म्हणतो आहे आणि इतिवृत्तात जावे अशी विनंती करतो.

काय करायला हवे? शुभवर्तमानांतल्या बिननावाच्या माणसांवर एक मराठी भाष्य व्हावे, असे माझ्या मनात आहे. ते टीकाग्रंथांवरून नव्हे, तर पाणी भरणाऱ्या, जाळी विणणाऱ्या, कापणीला जाणाऱ्या माणसांसमोर उतारा वाचून आणि त्यांचे बोलणे टिपून घेऊन. कोकणातून सुरुवात करता येईल. वसईकर, नगरकर, मराठवाड्यातले बंधू पुढे येतील. खर्च, संपादक, छपाई हे सारे बसून ठरवावे लागेल. काही तरुण मित्रांशी बोललो आहे.

उद्याच्या परिसंवादात या उताऱ्यावर दोन निबंध वाचले जाणार आहेत, आणि दोन्हींत ती ‘खूण’ आहे असे मला कळले आहे. निबंधकारांनी संकोच करू नये. मी समोरच बसणार आहे. माझे म्हणणे खोडून काढा, पण त्याआधी आज रात्री या मांडवात पाणी भरायला जी माणसे आली आहेत त्यांना तो उतारा वाचून दाखवा, आणि ते काय म्हणतात ते निबंधात घाला.