दरी कोणाची?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातली कॅन्यन डी शे ही तांबड्या वाळूखडकाची दरी १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. जमीन मात्र इथल्या नवाहो या मूलनिवासी लोकांचीच राहिली. तळाशी त्यांची मक्याची शेतं आहेत, म्हणून खाली उतरायचं तर साधारणपणे नवाहो वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. ही पर्यटकांची अडवणूक आहे, अशी तक्रार होते. त्यातला एक मुद्दा वरवर बिनतोड वाटतो: कड्याच्या कपारीतली जुनी घरं नवाहोंनी बांधलेलीच नाहीत, मग त्यांचा हक्क कसला? घरं त्यांनी बांधली नाहीत, हे खरंच आहे. त्यातल्या ‘व्हाइट हाउस’ या घराच्या वरच्या भिंतीला पांढरा गिलावा दिसतो, तो प्वेब्लो या दुसऱ्या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांचा. इ.स. १३०० च्या सुमारापर्यंत ते पूर्वज इथून निघून गेले. त्यांचे वंशज होपी आजही ॲरिझोनातच आहेत.

पण हक्क फक्त बांधणाऱ्याचाच असतो का? १८६४ मध्ये अमेरिकी लष्करी अधिकारी किट कार्सनच्या सैन्याने इथल्या पीचच्या बागा तोडल्या, नवाहोंना शेकडो मैल पायी हाकललं. १८६८ मध्ये अमेरिकी सरकारशी तह झाला आणि ते परतले, पुन्हा शेती करू लागले. राहत्या माणसांच्या अंगणातून जाताना घरचं माणूस सोबत असावं, ही अट मला तरी जाचक वाटत नाही. शिवाय मातीचा जुना गिलावा हाताळला की झडतो, आणि तो लावणारे हात आता नाहीत.