कारण लिहून ठेवा

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काहींनी लिहिलेला कोड उद्या विमानात चालेल. तिथे पहिला वाद ठरलेला आहे: भाषा कोणती घ्यायची? बोईंग ७७७ च्या उड्डाण-नियंत्रणासाठी एडा निवडली गेली. एफ-३५ या लढाऊ विमानासाठी सी प्लस प्लस घेतली, पण मोकाट सोडली नाही. २००५ साली तिला नियमावली लावली: प्रणाली एकदा सुरू झाली की नवी मेमरी मागायची नाही, रिकर्शन नाही, एक्सेप्शन नाहीत. एकाने मुळातच कडक भाषा घेतली, दुसऱ्याने सैल भाषेला शिस्त लावली.

मग कडक भाषा घेतली की काळजी मिटली का? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून पहिलं एरियान-५ रॉकेट उडालं. त्याच्या दिशादर्शक प्रणालीचा कोड एडातच होता, एरियान-४ वरून उचललेला. त्यात आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जाई. तिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, संख्या मावली नाही. एडाने हरकत घेतली. पण हरकत आल्यावर करायचं काय, हे तिथे कोणी लिहिलंच नव्हतं. संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तोच कोड. तो संगणक ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडला होता. चार उपग्रहांसह रॉकेट आकाशात फुटलं.

हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हता. अशा सात संख्या धोक्याच्या आहेत, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. चारांना त्यांनी संरक्षण दिलं. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत राखायचा म्हणून तीन तशाच सोडल्या. एरियान-४ साठी तो हिशेब बरोबरही होता. पण त्या तीन सोडण्याचं कारण कोडमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं, असं चौकशी समितीला आढळलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पुढच्याला ठेच लागलीच नाही, तर मागच्याला शहाणपण कुठून येणार? जुन्या रॉकेटला तो कोड कधी नडला नाही, म्हणून नव्याच्या उड्डाणाचे आकडे घालून तो कोणी तपासला नाही.

तेव्हा भाषा जरूर कडक निवडा; तुमच्या बऱ्याच चुका ती जमिनीवरच पकडेल. पण गृहीतक तुमचं असतं, भाषेचं नव्हे. एखादी तपासणी वगळलीत, तर का वगळली ते त्याच ओळीशेजारी लिहा. दुसऱ्याचा चालू कोड उचललात, तर तो कोणत्या विमानासाठी लिहिला होता, ते आधी विचारा. मुदत जवळ आलेली असेल, वरिष्ठ घाई करत असतील, तरीही विचारा.